समजलं म्हणतो पण येत नाही: रोज 40 गणितं घालूनही चुका त्याच का राहतात

प्रश्न थोडक्यात असा आहे. पोरगा सहावीत, घर सोलापुरात अक्कलकोट रोडला. शाळेत आणि क्लासला सांगितलं की समजलं म्हणतो, घरी वही उघडली की कोरा. वडील रोज 40 गणितं घालतात, पोरगं रडत रडत करतं, चुका मात्र त्याच त्याच. क्लासचे सर म्हणतात सराव कमी पडतोय, शाळेतल्या मॅडम म्हणतात मुलांना सांगू नका, स्वतः शोधू द्या. मग ऐकायचं कुणाचं?

मी बरीच वर्षं गणितच शिकवतोय, आधी झेडपीच्या शाळेत आणि आता पूर्व भागात संध्याकाळी छोटासा क्लास आहे, विडी आणि यंत्रमागावरच्या घरांतली पोरं जास्त येतात. त्यामुळे पुस्तकातलं कमी आणि पाटीवरचं जास्त सांगतो. सर सराव म्हणतायत ते खरंय, पण सराव कधी सुरू करायचा ते कुणी सांगत नाही. आणि मॅडम म्हणतात ते नंतर कामाला येईल, आत्ता नाही. फळ्यावर गणित बघणं आणि एकट्यानं सोडवणं यांच्यामधे एक पायरी असते, तिथं शिकवणारा आणि पोरगं दोघं मिळून गणित सोडवतात. तीच पायरी आपल्याकडं गाळली जाते. सर फळ्यावर दोन गणितं करतात, समजलं का विचारतात, सगळे हो म्हणतात, आणि थेट सरावसंच घरी! पोरगं घरी येईपर्यंत निम्मं विसरलेलं असतं आणि उरलेलं चुकीचं आठवतं.

मी करतो, आपण करू, तू कर, असा हा क्रम. बीएडला सगळ्यांनीच वाचलेला असतो हो, पण मधल्या 'आपण करू'ला वेळ कुणी देत नाही, पोर्शन संपवायचा असतो ना.

एक गणित घेऊनच सांगतो, 403 वजा 168. सहावीतल्या पोराला द्या, निम्म्या वेळा उत्तर 365 येतं. का येतं बघा. एककात 3 आणि 8, पोरगं 8 तून 3 घालवतं, 5. दशकात 0 आणि 6, तिथं 6. शतकात 4 तून 1, राहिले 3. म्हणजे प्रत्येक घरात मोठ्यातून लहान काढायचा असा त्यानं स्वतःचा नियम बनवलाय, आणि तो नियम तो अगदी इमानदारीनं पाळतोय. अशा पोराला 40 काय 400 वजाबाक्या घाला, तो चुकीचा नियमच पक्का करणार. हे आळशीपण नाही आणि दुर्लक्ष तर अजिबात नाही, उलट नीट लक्ष देऊन केलेली चूक आहे.

आता 'मी करतो' कसं करायचं. खेळण्यातल्या नोटा घ्या, 100 च्या चार, 10 ची एकही नाही आणि रुपयाची तीन नाणी, झेडपीत गणित पेटीत मिळतात, नसतील तर कागद कापा. मग फळ्यावर किंवा वहीत लिहिता लिहिता तोंडानं बोलायचं, डोक्यात जे चाललंय ते सगळं. "403 तून 168 द्यायचेत. एककात 3 आहेत, 8 देता येत नाहीत. दशकाकडं मागतो, तिथं शून्य, त्याच्याकडंच काही नाही. मग शतकाकडं जातो. 100 ची एक नोट मोडली, 3 राहिल्या. तिचे 10 दशक आले. त्यातला एक दशक मोडला, 9 राहिले, एककाकडं 10 गेले, आधीचे 3, झाले 13. आता 13 तून 8, 5. 9 तून 6, 3. 3 तून 1, 2. उत्तर 235. खात्री करतो, 235 अधिक 168, 403 आलं." एवढंच. मधे गोष्ट नाही, विनोद नाही, आणि दुसरी एखादी शॉर्टकट पद्धत तर मुळीच नाही. दुसरं गणित घेतलं की वाक्यं तीच ठेवायची, फक्त आकडे बदलायचे. बऱ्याच जणांना वाटतं दर वेळी वेगळ्या शब्दांत सांगितलं की जास्त समजेल, पण कच्च्या पोराला तर ते प्रत्येक वेळी नवीनच गणित वाटतं.

मग 'आपण करू'. इथं घाई करू नका, खरं शिकणं इथंच होतं. नवीन गणित, 502 वजा 247. आता मी बोलत नाही, मी विचारतो. एककात काय अडचण आहे? कुणाकडं मागायचं? तिथं काय आहे? मग पुढं कुठं? शतकात किती राहिले? दशकात 10 राहिले का 9, आणि का 9? प्रत्येक टप्प्याला पोरगं पाटीवर लिहितं आणि दाखवतं. वर्गात असाल तर सगळ्यांच्या पाट्या एकदम वर, "दाखवा" म्हटलं की एका नजरेत कळतं कोण कुठं अडकलंय. हात वर करणाऱ्या चार हुशार पोरांना विचारून वर्गाला समजलं असं ठरवणं ही आपली जुनी खोड आहे. आणि "समजलं का?" हा प्रश्न तर बंदच करा, त्याला हो शिवाय उत्तरच नसतं, नाही म्हणणाऱ्याला काय मिळतं ते सगळ्या पोरांना माहितीय.

इथं थोडं संशोधनाचं सांगतो कारण "हे जुनं पाठांतर झालं" असं कुणीतरी म्हणणारच. बराक रोझेनशाइन नावाचे अमेरिकेतले शिक्षणतज्ज्ञ, त्यांनी 2012 साली चांगल्या शिकवण्याची तत्त्वं एका लेखात मांडली, वर्गांची बरीच जुनी निरीक्षणं त्यामागं होती. त्यात असं आलंय की गणिताच्या 40 मिनिटांच्या तासात परिणामकारक शिक्षक साधारण 23 मिनिटं समजावणं, करून दाखवणं आणि प्रश्न विचारणं यात घालवायचे, सगळ्यात कमी परिणामकारक शिक्षक मात्र 11 च मिनिटं. म्हणजे कमी पडणाऱ्या शिक्षकांच्या वर्गात उरलेला वेळ, म्हणजे एकट्यानं सराव, उलट जास्त होता! पोरं लवकर एकटी सोडली जायची आणि चुकत बसायची. आणि चौथीच्या गणिताच्या वर्गांत मुलांची उत्तरं बरोबर येण्याचं प्रमाण चांगल्या शिक्षकांकडं 82 टक्के, कमी यशस्वी शिक्षकांकडं 73. मी यातून स्वतःपुरता हिशोब धरलाय, पाचापैकी चार बरोबर यायला लागली की पुढं जायचं, तोवर 'आपण करू'च चालू. दहापैकी पाच चुकत असतील तर तो सराव नाही, परत शिकवायची वेळ आहे.

'आपण करू' आणि 'तू कर' यांच्या मधे अजून एक युक्ती बसते, अर्धवट सोडवलेली गणितं. आधी गणित पूर्ण सोडवून द्यायचं, फक्त शेवटची ओळ रिकामी. पुढच्यात शेवटच्या दोन ओळी रिकाम्या. असं मागून मागून रिकामं करत यायचं. पोराला सुरुवातीपासून हातात काहीतरी असतं, घाबरत नाही. सोडवलेली उदाहरणं नीट अभ्यासली तर नवशिक्याला नुसती गणितं सोडवण्यापेक्षा फायदा होतो हे जॉन स्वेलर आणि ग्रॅहम कूपर यांनी 1985 मधे बीजगणितावर दाखवलंय. कारण साधं आहे, डोक्यात एका वेळी थोड्याच गोष्टी मावतात, पद्धत शोधायची पण आणि हिशोबही करायचा म्हटलं की नवशिक्याचं डोकं भरून जातं, शिकायला जागा राहत नाही.

म्हणूनच मॅडमच्या 'स्वतः शोधू द्या'ला माझा आत्ता विरोध आहे. आपल्या पूर्व भागात यंत्रमागावर नवीन पोरगं आलं तर तुटलेला धागा कसा जोडायचा ते तूच शोध असं कुणी म्हणतं का? जुना माणूस आधी करून दाखवतो, मग शेजारी उभा राहून करवून घेतो, मग माग हातात देतो. शोधायला लावणं वाईट नाही, पण ज्याला वजाबाकीच येत नाही तो शोधून शोधून 365 च शोधणार. अमेरिकेत 1968 पासून गरीब वस्त्यांतल्या मुलांवर शिकवण्याच्या वेगवेगळ्या पद्धतींची मोठी तुलना झाली, प्रोजेक्ट फॉलो थ्रू नावानं. 1977 ला निकाल आले तेव्हा पायरी पायरीनं थेट शिकवणारी पद्धत मूलभूत कौशल्यांत तर पुढं होतीच, उदाहरणं सोडवणं आणि मुलांचा स्वतःवरचा विश्वास यातही ती मागं नव्हती. त्या अभ्यासावर वादही झाले ते वेगळं. उलटी बाजूही सांगतो, पोरगं एखाद्या प्रकारात पक्कं झालं की मग तुमचं प्रत्येक पायरी बोलणं त्याला अडथळाच होतं, तिथं गप्प बसायचं आणि अवघड कोडं द्यायचं. मॅडमचा नंबर तेव्हा.

आता सरावाचं, कारण 40 गणितांचा प्रश्न तिथं अडकलाय. एका बैठकीत एकाच प्रकारची 40 गणितं म्हणजे पाचव्या गणितानंतर पोरगं विचार करायचं थांबतं, हात चालतो फक्त. सहा ते आठ गणितं बास. पण त्यात मिसळ पाहिजे. आजच्या धड्यातली तीन, मागच्या आठवड्यातली तीन, महिन्यापूर्वीची दोन. डग रोहरर आणि केली टेलर यांचा 2007 चा एक छान प्रयोग आहे, कॉलेजच्या मुलांना वेगवेगळ्या घनाकृतींचं घनफळ काढायला शिकवलं, काहींना एकेका प्रकाराची गणितं सलग दिली, काहींना मिसळून. सराव करताना सलगवाल्यांची 89 टक्के बरोबर आली, मिसळवाल्यांची 60. आईबापांनी बघितलं तर पहिलीच पद्धत भारी म्हणतील. आठवड्यानं चाचणी घेतली तर सलगवाले 20 टक्क्यांवर आणि मिसळवाले 63 वर! सलग सरावात कुठली पद्धत वापरायची हे पोराला ठरवावंच लागत नाही ना, धड्याचं नावच उत्तर सांगत असतं. परीक्षेत धड्याचं नाव नसतं.

आणि मधे दिवस जाऊ द्यायचे. आमच्याकडं दरवर्षी संक्रांतीला सिद्धेश्वराची गड्ड्याची जत्रा झाली की जानेवारीच्या शेवटी निम्मी पोरं अपूर्णांकांची बेरीज विसरून येतात, छेद समान करायचाच विसरतात, 1/2 आणि 1/3 ची बेरीज 2/5 लिहितात. मी ओरडत नाही, विसरलेलं परत आठवायला लावणं हाच सगळ्यात चांगला सराव आहे. विचारतो, 2/5 मोठा का अर्धा मोठा? संख्यारेषेवर दाखव. अर्ध्यात अजून काहीतरी मिळवलं आणि उत्तर अर्ध्यापेक्षा कमी कसं आलं रे? पोरगं स्वतःच हसतं. मग सहाचा छेद, 3/6 अधिक 2/6, 5/6. एक 'आपण करू', दोन 'तू कर', झालं परत चालू.

सहावीत अजून एक चूक हमखास दिसते आणि ती आपणच शिकवलेली असते. कंचेभागुबेव, म्हणजे कंस, चे, भागाकार, गुणाकार, बेरीज, वजाबाकी हा क्रम. पोरं त्याचा अर्थ असा घेतात की भागाकार कायम गुणाकाराच्या आधी आणि बेरीज कायम वजाबाकीच्या आधी. 20 − 8 + 5 द्या, पोरगं आधी 8 आणि 5 मिळवतं, 13, मग 20 तून 13, उत्तर 7. बरोबर उत्तर 17. बेरीज वजाबाकी एकाच पातळीच्या, डावीकडून उजवीकडं जायचं, भागाकार गुणाकाराचंही तसंच. हे सूत्र देताना अशी चार गणितं तिथल्या तिथं करून दाखवली नाहीत तर नववीपर्यंत ती चूक जात नाही, मी नववीत बघितलीय.

भागाकार तर विचारूच नका. खेड्यातल्या मुलांना वाचन आणि गणित किती येतं याची पाहणी करणाऱ्या असर 2024 च्या अहवालात ग्रामीण भारतातल्या पाचवीच्या मुलांपैकी साधारण 31 टक्क्यांनाच तीन अंकी संख्येला एक अंकी संख्येनं भागता आलं. तुमच्या पोराला 824 भागिले 4 द्या. 26 आलं तर समजा मधला 2 चाराला पुरत नाही तेव्हा वर 0 लिहायचं त्याला माहितीच नाही. तिथं पण तेच, बोलून करून दाखवा, "2 दशकांत 4 चा एकही गट बसत नाही, वर 0 लिहितो, मग 4 खाली आणतो, 24." 206. आणि प्रत्येक भागाकाराआधी अंदाज, 800 भागिले 4 म्हणजे 200, मग 26 कसं येईल?

पाढे पाठ पाहिजेत का, हो, पाहिजेतच, यावर मी तडजोड करत नाही. 7 गुणिले 8 ला जो बोटं मोजतो त्याचं लक्ष भागाकाराच्या पायऱ्यांवर राहणार कसं. पण नुसती सुरात म्हटलेली उजळणी पुरत नाही, सात आठे विचारलं की पोरगं सात एके पासून सुरू करतं. उलटसुलट विचारा, 56 म्हणजे कुणाकुणाचं ते विचारा, रोज तीन मिनिटं, घड्याळ लावून. स्पर्धा मात्र कालच्या स्वतःशी. शेजारच्या पिंकीला 20 आले नि तुला 12 असं केलं की गणिताची भीती बसते, ती काढायला पाढ्यांपेक्षा जास्त वेळ लागतो.

शाब्दिक उदाहरणांत 'एकूण आलं की बेरीज, उरले आलं की वजाबाकी' हे शिकवू नका हो, प्लीज. "एका गठ्ठ्यात 12 टॉवेल, एकूण 180 टॉवेल, तर गठ्ठे किती?" एकूण बघून पोरं 192 लिहितात. आधी गोष्ट सांगायला लावा, मग चित्र, एक लांब पट्टी 180 ची आणि त्यात 12 चे तुकडे, किती तुकडे? मग क्रिया. 15. सुरुवातीला तर मी फक्त चित्र काढून घेतो, सोडवायचंच नाही.

आपल्या सोलापूरची एक खास अडचण पण सांगतो. घरी तेलुगू किंवा कन्नड बोलणारी पोरं खूप, त्यांच्या भाषेत 26 म्हणताना आधी वीस येतात मग सहा, मराठीत सव्वीस म्हणताना सहा आधी. श्रुतलेखनात ती 62 लिहितात आणि आपण त्याला गणितात ढ म्हणतो. 2019 ला बालभारतीच्या दुसरीच्या पुस्तकात 'वीस एक' असं वाचन आलं तेव्हा केवढा गदारोळ झाला, पण या पोरांना त्याचा उपयोग होतो, मी आजही 'दोन दशक सहा' असं बोलून घेतो. सहावीच्या पोराचं हे चुकत असेल तर आधी तेच.

घरी नेमकं काय करायचं. 40 गणितं आजपासून बंद. रोज 25 मिनिटं, जेवणाआधी, मोबाईल दुसऱ्या खोलीत. तीन मिनिटं पाढे, मग एकच प्रकार, एक गणित तुम्ही बोलत करा, दोन मिळून, मग मिसळीची सहा त्यानं एकट्यानं. तुम्हाला स्वतःला येत नसेल तर पुस्तकातलं सोडवलेलं उदाहरण घ्या, पोराला म्हणा मला समजावून सांग, ही ओळ कुठनं आली? तुम्ही फक्त 'का' विचारत राहा. प्रत्येक गणितानंतर लगेच ताळा, चुकलं तर तिथंच दुरुस्त, आठवड्यानं लाल शेऱ्यासकट वही मिळून काही उपयोग होत नाही. क्लासच्या सरांना एवढंच विचारा, एका बॅचला किती पोरं असतात आणि पोरगं गणित करताना त्याची पाटी कुणी बघतं का. 60 च्या बॅचमधे बघणं होत नसेल तर त्या पैशात शेजारची अकरावीतली एखादी ताई आठवड्यातून तीन दिवस शेजारी बसलेली परवडली.

फरक लगेच दिसत नाही. दोन तीन आठवड्यांत रडणं कमी होतं, मार्क त्यानंतर, चाचणी कधी आहे त्यावर. असं नियमित करून तीन चार महिन्यांनीही 7 मोठा का 9 मोठा यात गोंधळ, घड्याळ, सुटे पैसे काहीच जमत नाही असं असेल तर डिस्कॅल्क्युलियाची, म्हणजे आकडे समजण्यातल्या अडचणीची, तपासणी करून घ्या, 2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यात तो विशिष्ट अध्ययन अक्षमतेत येतो, त्यात लाजण्यासारखं काही नाही.

तोवर या रविवारी चारच गणितं द्या, 403 − 168, 824 ÷ 4, 1/2 + 1/3 आणि 20 − 8 + 5. बाजूला कच्चं काम करायला सांगा, खोडरबर काढून घ्या, आणि चुकलं तरी मधे बोलू नका. त्याचा फोटो टाका इथं, कुठल्या पायरीपासून सुरू करायचं ते त्या कच्च्या कामावरून सांगतो.